त्र्यंबकच्या डोंगरात मुक्काम: तीन दिवसांत काय पाहावं आणि कोणत्या क्रमानं

नाशिकहून त्र्यंबककडे निघालं की महिरावणी मागे पडते आणि डाव्या हाताला अंजनेरीचा कडा एकदम अंगावर येतो. या कड्याच्या आजूबाजूला गेल्या काही वर्षांत बरीच रिसॉर्ट उभी राहिली आहेत. मुंबई-पुण्याची मंडळी शुक्रवारी रात्री येतात, शनिवारी पोहण्याच्या तलावात डुंबतात, रविवारी त्र्यंबकेश्वराच्या रांगेत चार तास उभी राहतात आणि ‘फार गर्दी होती हो’ म्हणत परत जातात. जाण्याआधी नातलगांपैकी कोणीतरी मला फोन करतं. प्रश्न ठरलेला, ‘एका दिवसात काय काय होईल?’ माझं उत्तरही ठरलेलं. एका दिवसात एक डोंगर होईल. दुसरा केलात तर पहिला विसरलात म्हणून समजा.

हा लेख त्या फोनचं सविस्तर उत्तर आहे. दोन रात्री आणि तीन दिवस हाताशी आहेत, मुक्काम अंजनेरी ते त्र्यंबक या पट्ट्यात आहे आणि घरातली तरुण व मध्यमवयीन माणसं डोंगर चढू शकतात, असं धरून चाललो आहे. ज्येष्ठांसाठी काय करायचं तेही पुढे येईल.

आधी महिना ठरवा

खोली आरक्षित करण्याआधी कॅलेंडर आणि पंचांग दोन्ही समोर घ्या. इथे नुसतं कॅलेंडर पाहून भागत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर हिरवे असतात, धबधबे असतात, पण दिसत काही नाही. नाशिक शहरात रिपरिप चालू असते तेव्हा त्र्यंबकात मुसळधार कोसळत असतो, आणि ब्रह्मगिरी दिवसच्या दिवस ढगात बुडालेला असतो. त्यातच श्रावण. श्रावणातल्या सोमवारी, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या फेरीला लाखभर पावलं या रस्त्यांवर असतात. तुम्हाला फेरीच करायची असेल तर तो दिवस सोन्याचा. पण निवांत डोंगर पाहायचे असतील तर त्या आठवड्यात फिरकू नका. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते, दिंड्या येतात. तेव्हाही खोल्या मिळत नाहीत, पण ती गर्दी मला आवडते. थंडीत कुडकुडत टाळ वाजवणाऱ्या माणसांची गर्दी ढकलाढकली करत नाही.

माझी पसंती दोन वेळांना. पहिली सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरची सुरुवात, तेव्हा पठारावर फुलं असतात आणि पाऊस दमलेला असतो. दुसरी डिसेंबर-जानेवारी, तेव्हा हवा स्वच्छ असते आणि माथ्यावरून सगळी रांग मोजता येते. मार्च-एप्रिलात कातळ तापतो. मे महिन्यात करवंदं आणि जांभळं हीच काय ती लालूच.

आणखी एक. २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२६-२७ मध्ये आहे. त्या काळात रस्ते, पार्किंग, घाट यांची कामं आणि वाहतुकीचे बदल चालूच राहणार. निघण्याआधी रिसॉर्टवाल्यालाच फोन करून रस्ता विचारून घ्या.

मग नाश्त्याचा बंदोबस्त करा

हसू नका, या सहलीचा सगळ्यात मोठा शत्रू रिसॉर्टचा नाश्ताच आहे. तो पैशात धरलेला असतो, आठला सुरू होतो, म्हणून सगळे त्यासाठी थांबतात. पोट भरून, चहा पिऊन, गाडीत बसेपर्यंत साडेनऊ होतात. साडेनऊला पायथ्याशी पोहोचलेला माणूस डोंगर पाहत नाही, सावली शोधतो. आदल्या रात्रीच स्वयंपाकघरात सांगून ठेवा की सकाळी साडेपाचला डबे हवेत. पोळी-भाजी, उकडलेली अंडी, केळी असं काहीही चालेल. बहुतेक ठिकाणी ऐकतात. नाही ऐकलं तर आदल्या संध्याकाळी त्र्यंबकच्या बाजारातून फळं आणि चिक्की आणून ठेवा.

माणशी दोन ते तीन लिटर पाणी, तळ पकडणारे बूट आणि हाताला मोकळीक देणारी पाठीवरची पिशवी एवढं पुरे. प्लॅस्टिकची पिशवी हातात लोंबकळत नेऊ नका. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी दोन्हीकडे माकडं आहेत आणि त्यांच्या लेखी पिशवी म्हणजे खाऊ. माझ्या भाचीच्या हातातली पिशवी गेली तेव्हा त्यात खाऊ नव्हताच, तिचा चष्मा होता. डोंगरावर उग्र अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका आणि कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ दिसलं तर आवाज बंद करून निघून जा. रोख पैसे, तेही सुट्टे, ठेवा. पायथ्याच्या लिंबूपाणीवाल्या मावशींकडे क्यूआर कोडचं कार्ड असतं, पण रेंज नसते.

पहिला दिवस, दुपार: डोंगरापासून नव्हे, नाण्यांपासून सुरुवात

पहिल्या दिवशी तुम्ही प्रवासातून येणार, म्हणजे चढाई नाहीच. दुपारी चारच्या आत अंजनेरीजवळच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेत जा. १९८० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. त्र्यंबक रोडवरून वर्षानुवर्षं जाणारे नाशिककरही आत पाय ठेवत नाहीत. उघडण्याच्या वेळा आणि सुटीचा वार आधी फोनवर विचारून घ्या.

डोंगर सोडून नाणी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं कारण असं की पुढच्या दोन दिवसांत तुम्ही जे काही पाहणार ते कोणीतरी पैसे मोजून उभं केलेलं आहे. लेणी, देऊळ, कुंड, पायऱ्या सगळंच. कोणी आणि का मोजले, हे डोक्यात ठेवून पाहिलं की दगड बोलायला लागतात.

एक गोष्ट तिथे आवर्जून समजून घ्या. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. ती क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याची. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी यानं स्वतःचा छाप पुन्हा ठोकलेला होता. शत्रूला हरवलं, त्याची नाणी वितळवत बसण्याऐवजी त्याच्याच तोंडावर शिक्का मारला आणि बाजारात सोडली. असं दुहेरी छापाचं नाणं, प्रत्यक्ष असो वा चित्रात, कसं दिसतं ते तिथल्या माणसांना विचारा. हौशीनं सांगतात. तिसऱ्या दिवशी ही गोष्ट कामाला येणार आहे.

संग्रहालयातून बाहेर पडलात की उजेड असेपर्यंत अंजनेरी गावातल्या जुन्या देवळांकडे वळा. गाडी गावात लावा आणि कोणालाही ‘जुनी दगडी देवळं कुठं’ विचारा. यादवकाळातली जैन आणि हिंदू मंदिरं इथे भग्नावस्थेत उभी आहेत. काहींचे खांब शाबूत आहेत, काहींचं नुसतं जोतं उरलं आहे. दुपारच्या सपाट उन्हात ही देवळं दगडाचे ढीग वाटतात. संध्याकाळी पाचनंतर तिरपं ऊन आलं की द्वारशाखेवरची, म्हणजे दाराच्या कोरीव चौकटीवरची, एकेक आकृती वर येते.

इथल्या एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे इ.स. ११४१ च्या सुमाराचा, यादव राजा सेउणचंद्र याच्या काळातला शिलालेख आहे. आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिराला दुकानांचं उत्पन्न लावून दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे आज जिथे गाय चरते आहे तिथे भाडं देणारी दुकानं असलेली पेठ होती. याच अंजनेरीत सापडलेले आठव्या शतकाच्या सुरुवातीचे भोगशक्ती राजाचे ताम्रपट तर आणखी चार शतकं मागे नेतात. डोंगर चढायच्या आदल्या दिवशी एवढं पाहून घेतलं की सकाळी पायवाट रिकामी वाटत नाही.

देवळांच्या शिळांवर चढून फोटो काढू नका. सांगायला लागू नये, पण दर वेळी कोणीतरी चढलेलं असतंच.

दुसरा दिवस: अंजनेरी

तांबडं फुटायच्या आत गाडी हलली पाहिजे. महामार्गावरच्या अंजनेरी फाट्यापासून पायथ्यापर्यंत कच्चापक्का रस्ता आहे. गाडी कुठपर्यंत जाते ते पावसावर अवलंबून. बसनं येणार असाल तर नाशिकहून त्र्यंबकला जाणारी एसटी किंवा सिटीलिंकची शहर बस फाट्यावर सोडते, तिथून पायथ्यापर्यंत चालायची तयारी ठेवा. हा सगळा भाग अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्रात येतो. वनखात्याच्या चौकीवर नाव लिहून आणि शुल्क असेल ते देऊन पुढे जायचं.

वाट सुरुवातीला पायऱ्यांची, मग दोन कड्यांमधल्या घळीतून वर जाते. घळीत कातळात कोरलेलं छोटं जैन लेणं आहे. बहुतेक लोक धापा टाकत त्याच्यासमोर पाणी पितात आणि आत न डोकावता पुढे जातात. तुम्ही पाच मिनिटं आत जा. बाहेरच्या उजेडातून आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, तेवढा वेळ द्या, मूर्ती हळूहळू दिसायला लागतात.

घळ संपली की एकदम पठार उघडतं आणि वारा तोंडावर येतो. इथे अंजनी मातेचं देऊळ आहे, जवळच तळं आहे. या डोंगरावर हनुमानाचा जन्म झाला ही श्रद्धा आहे, डोंगराचं नावही अंजनीवरूनच. तळं वरून पाहिलं की पावलाच्या आकाराचं दिसतं, आणि ते मारुतीचं पाऊल असं गावकरी सांगतात. देशात आणखी काही ठिकाणं हनुमानाचं जन्मस्थान असल्याचा मान सांगतात, त्यावर वादही झडतात. अंजनी मातेच्या देवळात बसलेल्या आजीबाईंशी तो वाद घालू नये. त्यांना उत्तर आधीच माहीत असतं.

पठारावरून पुढे दुसरा टप्पा चढला की सर्वांत वरचं देऊळ येतं. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर. सवयीच्या माणसाला पायथ्यापासून माथा दोन-अडीच तास, मुलंबाळं असतील तर साडेतीन धरा. दमलात तर तळ्यापाशीच थांबा, काही बिघडत नाही. माझ्या मते अंजनेरीचं खरं वैभव माथ्यावर नाहीच, ते या मधल्या पठारावर आहे.

हे पठार म्हणजे उघडा बसाल्ट, त्यावर कुठे बोटभर, कुठे वीतभर माती. पावसाळ्यात या एवढ्याशा मातीत जे उगवतं ते दुसरीकडे सहजी दिसत नाही. ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही कंदीलपुष्पाची जात २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी इथूनच प्रथम नोंदवली आणि तिला डोंगराचंच नाव दिलं. फूल लहान, झाड वीतभर, गवतात लपलेलं. त्यामुळे सप्टेंबरात गेलात तर मळलेली पायवाट सोडू नका. ‘जरा बाजूला बसून डबा खाऊ’ म्हणत आपण नेमके कशावर बसतो ते आपल्याला कळत नाही. मी स्वतः तीन पावसाळे शोधूनही हे फूल पाहिलेलं नाही. दाखवणारा माहीतगार सोबत असेल तरच शोधा, नाहीतर सोनकी, तेरडा आणि कारवी यांवर समाधान माना. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, त्या वर्षी गेलात तर नशीबवान.

आता वर बघा. कड्याच्या कपारीत पांढरे ओघळ दिसतात का? ती गिधाडांची विष्ठा. लांब चोचीची भारतीय गिधाडं या कड्यांवर घरटी करतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे देशातली गिधाडं झपाट्यानं मेली. मेलेलं जनावर खाल्लं की औषध गिधाडाच्या मूत्रपिंडावर उठायचं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. जी थोडी ठिकाणं उरली त्यांत हे कडे आहेत. सकाळी नऊनंतर हवा तापायला लागली की ती तरंगायला निघतात. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर कड्याच्या टोकापासून मागे बसा आणि अर्धा तास काही बोलू नका. ड्रोन उडवायचा विचारही करू नका.

अंजनेरीवर पर्यटकांसाठी गाडीरस्ता न्यायची कल्पना मध्यंतरी पुढे आली होती, निसर्गप्रेमींनी विरोध केला. माझं मत विचाराल तर ज्याला अंजनेरी पायी जमत नाही त्यानं ती खालून पाहावी. मलाही एक दिवस खालूनच पाहावी लागेल, त्याची तयारी आहे.

तसं पाहिलं तर अंजनेरी हे फार जुनं ‘रिसॉर्ट’. राघोबादादा पेशवे उन्हाळ्यात थंड हवेसाठी इथे येऊन राहत. खाली नाशिकजवळ त्यांचं वास्तव्य होतं ते आनंदवल्लीला. पुढे इंग्रजांच्या काळात साहेब लोकही उन्हाळ्यात वर मुक्कामाला येत. पोहण्याच्या तलावाऐवजी त्यांनी ते तळं वापरलं असेल.

अकराच्या आत खाली उतरा. दुपारी जेवण आणि झोप. जेवायला शक्य असेल तर गावातल्या एखाद्या घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा. नागलीची भाकरी, उडदाचं भुजं किंवा आमटी, खुरासणीची चटणी, पावसाळ्यात रानभाजी. रिसॉर्टमधलं पनीर नाशिक शहरातही मिळतं.

तिसरा दिवस: पाण्याच्या मागावर

खोली सोडायचा दिवस, म्हणून सामान आदल्या रात्री भरून ठेवा आणि गाडीत टाकूनच निघा. पहाटे पाचला त्र्यंबकात पोहोचलात तर दर्शन बऱ्याच कमी वेळात होतं. सोमवार, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या टाळा. पुरुषांना गाभाऱ्यात जायची संधी असेल त्या दिवशी सोवळं किंवा उघडं अंग असा नियम असतो. मोबाईल आत चालत नाही, तो गाडीतच ठेवा म्हणजे चपला आणि मोबाईल ठेवायच्या दोन रांगा वाचतात. पूजा सांगायला गुरुजी पुढे येतील. पूजा करायची नसेल तर हात जोडून पुढे चला, करायची असेल तर दक्षिणा आधी ठरवा.

आजचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं. १७५५ मध्ये काम सुरू झालं आणि पुरं व्हायला १७८६ उजाडलं. म्हणजे ज्यानं हातात घेतलं त्याला ते पुरं झालेलं दिसलं नाही, १७६१ मध्ये पानिपतानंतर काही महिन्यांतच तो गेला. काळ्या दगडाचं हे देऊळ बाहेरून सावकाश प्रदक्षिणा घालत पाहा. लोक रांगेत इतके दमतात की बाहेर आल्यावर मान वर करत नाहीत, आणि खरं कोरीवकाम तर मान वर केल्यावर आहे. आतली पिंडी इतर ज्योतिर्लिंगांहून वेगळी. वर आलेलं लिंग नाही, खळगा आहे आणि त्यात ब्रह्मा, विष्णू, महेश यांची अंगठ्याएवढी तीन लिंगं.

तिथून कुशावर्त. कथा अशी की गौतम ऋषींनी गोहत्येच्या पातकातून सुटण्यासाठी ब्रह्मगिरीवर तप केलं, शंकरानं जटेतून गंगा सोडली. ती डोंगरात कुठे कुठे प्रकट होऊन गुप्त होत राहिली, तेव्हा गौतमांनी कुश म्हणजे दर्भ टाकून तिला इथे अडवलं. सिंहस्थात शैव आखाड्यांचं स्नान इथे होतं, वैष्णवांचं नाशिकच्या रामकुंडावर. कुंड पाहा, भोवतीच्या ओवऱ्या पाहा. पाण्यात उतरायचं की नाही ते पाणी पाहून ठरवा.

आता या कथेमागचा डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार बनलं. प्रत्येक थर सारखा नाही, एखादा घट्ट, एखादा भेगाळ आणि बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा. माथ्यावर पडलेलं पाणी भेगाळ थरातून झिरपत खाली येतं, घट्ट थर लागला की अडतं आणि कड्याच्या बाजूनं झरा होऊन बाहेर फुटतं. म्हणून गोदावरी आधी ब्रह्मगिरीच्या माथ्यावर दिसते, मग नाहीशी होते, गंगाद्वाराला पुन्हा दिसते, पुन्हा नाहीशी होते आणि कुशावर्तात सापडते. प्रकट होणं आणि गुप्त होणं ज्यांनी कथेत सांगितलं त्यांनी डोंगर नीट पाहिला होता एवढं खरं.

त्र्यंबकातून वर जाणाऱ्या वाटेला पुढे फाटा फुटतो. एक वाट गंगाद्वाराच्या पायऱ्यांकडे, दुसरी ब्रह्मगिरीच्या माथ्याकडे. दोन्ही करायचं असेल तर आधी माथा, उतरताना गंगाद्वार. उलट केलंत तर सातशेच्या आसपास पायऱ्या चढून-उतरून गुडघे आधीच संपतात.

माथ्याची वाट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराचीच्या शेठजींनी बांधून दिलेल्या दगडी पायऱ्यांवरून जाते. कराचीहून कोणी या डोंगराला पायऱ्या बांधतो, हे मला दर वेळी थांबवतं. पुढे कड्याच्या चिरेत कोरलेला अरुंद जिना आणि दरवाजे लागतात. तुम्ही आता किल्ल्यात शिरता आहात, त्र्यंबकगडात. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला आणि त्यानंतर नाशिक परिसरातल्या कितीतरी किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या. ही वाचली. जिन्यात दोन्हीकडचा कातळ खांद्याला लागतो, भिंतीवर कोरलेल्या मूर्ती हाताच्या अंतरावर असतात. मागून येणारे लोक घाई करतात, त्यांना पुढे जाऊ द्या.

माथा सुमारे बाराशे नव्वद मीटरवर. एका बाजूला गोदावरीचं मूळ, दुसऱ्या बाजूला शंकरानं जटा आपटल्या ते देऊळ. इथे उभं राहून दोन दिशा पाहा. पूर्वेला उतरलेलं पाणी गोदावरीतून १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतं. याच डोंगरांच्या दुसऱ्या अंगाला पडलेलं पाणी वैतरणेतून पश्चिमेला अरबी समुद्राकडे जातं, आणि तो समुद्र इथून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. जवळचा समुद्र सोडून गोदावरीनं लांबचा निवडला.

माथ्यावरून पुढे दुर्गभांडार नावाचं टोक आहे. तिकडे जायला दोन डोंगरांना जोडणारी कातळाची अरुंद भिंत ओलांडावी लागते आणि दोन्ही टोकांना कातळात खोदलेले जिने आहेत, एका ठिकाणी जवळजवळ रांगत बाहेर पडावं लागतं. कोरड्या दिवशी, वारा कमी असताना, डोंगरांची सवय असेल तरच जा. पावसाळ्यात मुळीच नको.

गंगाद्वाराला गोमुखातून थेंबथेंब पडणारं पाणी पाहून काहींचा हिरमोड होतो. धबधबा पाहायला आलेल्यांचा होणारच. शेजारी गोरक्षनाथांची गुहा आहे. याच डोंगरात गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला. निवृत्तिनाथांनी धाकट्या भावाला, ज्ञानेश्वरांना, दिला. पुढचं आपल्याला पाठ आहे. खाली गावात निवृत्तिनाथांची समाधी आहे, तिथे टेकल्याशिवाय त्र्यंबक सोडू नका. मुख्य मंदिरात चार तास घालवणारे लोक समाधीला चार मिनिटं देत नाहीत.

ज्येष्ठांचं काय

त्यांना डोंगर चढवायचा हट्ट नको. संग्रहालय, अंजनेरी गावातली देवळं, कुशावर्त आणि निवृत्तिनाथ समाधी हे चारही जवळजवळ सपाटीवर आहे. तुम्ही अंजनेरीवर असाल त्या सकाळी त्यांना गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा सोमेश्वरला नेणारी गाडी ठरवून द्या. गंगाद्वारासाठी डोलीवाले मिळतात, भाव आधी ठरवावा.

हरिहर करू का?

हरिहर किल्ल्याबद्दल हे विचारणारे हटकून असतात, कारण त्याच्या उभ्या पायऱ्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. पायऱ्या आहेतच तशा. जवळपास ऐंशी अंशांच्या कातळात खोदलेल्या, हात धरायला खोबणी असलेल्या. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी ब्रिग्ज त्या पाहून थक्क झाला. त्र्यंबकहून हर्षेवाडीच्या पायथ्याला गाडीनं जाता येतं.

पण तीन दिवसांत हरिहर बसवायचा तर अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी गाळावा लागेल. आणि रविवार असेल तर अजिबात जाऊ नका. काही वर्षांपूर्वी ऑगस्टातल्या रविवारी मी मावसभावाला हौसेनं घेऊन गेलो. पायऱ्यांच्या मध्यावर वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर अडकले. आम्ही ओल्या कातळाला पालीसारखे चिकटून तास-दीड तास उभे. खाली पाहायचं नाही, वर पाहिलं की कोणाच्या तरी बुटातलं पाणी डोळ्यात. मावसभाऊ अजून त्या दिवसाचा उल्लेख झाला की विषय बदलतो. पावसाळ्यात प्रशासन बंदी किंवा संख्येची मर्यादा घालतं, ती चौकशी करूनच निघा. आडवारी, हिवाळ्यात, सकाळी सातला गेलात तर हरिहरासारखं दुसरं काही नाही.

परतीच्या वाटेवर: पांडवलेणी

ब्रह्मगिरी उतरून जेवेपर्यंत दोन वाजतील. मुंबईकडे जाणाऱ्यांना त्र्यंबक-घोटी रस्ता जवळचा, पहिण्याच्या बारीतून जाणारा आणि देखणा. तरीही मी नाशिकला वळून मुंबई-आग्रा महामार्गावर यायला सांगतो, कारण पहिल्या दिवशीची नाणी अजून अर्धवट आहेत.

शहराच्या दक्षिणेला, महामार्गाला लागून असलेल्या डोंगरावर चोवीस बौद्ध लेणी आहेत. पांडवांशी संबंध नाही, जुनं नाव त्रिरश्मी. चढायला वीस मिनिटं. पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. त्यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकातच झाला, म्हणजे तुम्ही आज सकाळी त्यांच्या गावाहून आलात. पाचच्या आत पोहोचा, तिकीटखिडकी बंद व्हायच्या आधी.

चोवीस लेणी पाहू नका. तीनच पाहा. अठरावं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनागृह, आहे, ते त्याच्या दर्शनी भागासाठी. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. ‘ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं’ असं ती मुलाबद्दल लिहवते, आणि क्षहरातांचा वंश त्यानं निर्दाळला हेही ठणकावून सांगते. मुलगा तेव्हा हयात नव्हता, नातू पुळुमावी राज्य करत होता. आई लिहवते आहे हे लक्षात घेऊन वाचा.

आता दहाव्या लेण्यात या. ते हरलेल्या पक्षाचं, नहपानाचा जावई उषवदात याचं. त्याच्या लेखातला व्यवहार असा: या लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्खूंसाठी तीन हजार कार्षापणं (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक असं व्याज, उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. प्रत्येक भिक्खूला वस्त्रासाठी बारा कार्षापणं.

तिथेच उभं राहून हिशेब करा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक कवडी इकडची तिकडे नाही. लेख मराठीत नाही, त्यामुळे आपल्याला वाचता येत नाही, पण व्हरांड्यात दाराच्या वरच्या भिंतीवर ती अक्षरं आजही ठळक दिसतात. विणकरांचं ते गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरचं गोवर्धन गाव असं मानतात. उजेड उरला असेल आणि मुंबईला पोहोचायची घाई नसेल, तर लेण्यांवरून अर्ध्या तासात तिथे गोदावरीच्या काठाला पोहोचता येतं.